कनेटिकटचे मत

रविवार, दिनांक ८ जानेवारी २००६. दुपारचे बरोबर चार वाजले होते आणि सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातल्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाभोवती खुर्च्या मांडल्या होत्या तीन. निशिकांत आठल्ये चहाचा कप हातात घेऊन दारातच थबकले. सहा वर्षे या वेळी या टेबलाशी खुर्च्या दोनच असत. एक शिकवणाऱ्याची, एक शिकणाऱ्याची. तिसरी खुर्ची स्वयंपाकघरातून आणलेली होती, आणि तिच्यावर बत्तीस-तेहतीस वर्षांचा एक तरुण अगदी घरच्यासारखा बसून चकली खात होता.

"अहो, हा अश्विन मोघे," सुलेखाबाई म्हणाल्या. "आमच्या शाळेत नवीन आलाय. पुण्याचाच. पुढच्या जानेवारीपासून माझ्या विषयाची दुसरी तुकडी हा घेणार. म्हटलं, आपल्या रविवारच्या पाठाला बसू दे."

"नमस्कार काका," तरुण घाईघाईने उठत म्हणाला. "सुलेखाताई तुमच्याबद्दल फार सांगतात."

बायकोला ताई आणि नवऱ्याला काका! नात्यागोत्याच्या कोणत्याही हिशेबात हे बसत नव्हते. ताईचा नवरा भावोजी होतो. काका व्हायला मध्ये एक अख्खी पिढी घालावी लागते. निशिकांत तोंडाने हसले, पण कप टेबलावर ठेवताना थोडा चहा बशीत सांडला.

रविवारचा पाठ म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय त्या सांडलेल्या चहाचा अर्थ कळायचा नाही. सुलेखाबाई बुकित तिमाह रस्त्यालगतच्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत शिकवत. सन दोन हजारमध्ये त्यांच्याकडे एक नवा विषय आला. अमेरिकेची राज्यव्यवस्था ज्या युरोपीय विचारांतून उगवली, ती मुळे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना उकलून दाखवायची. वर्गात मुले कोरियाची, डेन्मार्कची, ब्राझीलची, सिंगापूरची आणि मुंबईची. त्यांच्यापैकी कोणाच्याच पणजोबांनी अमेरिकेच्या घटनेवर सही केलेली नव्हती. बाईंची पदवी राज्यशास्त्राची असली तरी छातीत धडकी भरली होती. पहिल्या आठवड्याचा पाठ त्यांनी आदल्या रविवारी नवऱ्यासमोर घेऊन पाहिला.

निशिकांत तेव्हा जुरोंग आयलंडवरच्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यात उपकरण विभागाचे पर्यवेक्षक होते. तंत्रनिकेतनातला डिप्लोमा, सकाळी कंपनीची बस, गळ्यात पास, दिवसभर दाब आणि तापमान. "मला यातलं ओ की ठो कळत नाही," ते म्हणाले होते. "म्हणूनच तुम्ही हवेत," बाई म्हणाल्या होत्या. अर्धा तास ऐकून त्यांनी विचारले, "राजा नको म्हणून ही माणसं भांडली ना? मग चार वर्षांसाठी एक माणूस निवडून त्याच्याच हाती फौज दिली. हा राजा नाही तर काय? फक्त मुदतीचा!" सुलेखाबाईंनी चष्मा काढला, तो पदराने पुसला, आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग त्यांनी तो पाठ मुळापासून पुन्हा बांधला. त्या आठवड्यात वर्गात म्हणे हातघाईची चर्चा झाली.

तेव्हापासून हा शिरस्ताच पडला. दर रविवारी चार वाजता येत्या आठवड्याचा पाठ प्रथम निशिकांतांपुढे. बाईंची पद्धतही अशी की पहिले सहा आठवडे कोणाही विचारवंताचे नाव उच्चारायचे नाही. नाव सांगितले की मुले नाव पाठ करतात आणि विचार वाऱ्यावर सोडतात, असे त्यांचे मत. म्हणून इंग्लंडचा तो एक नुसता 'डॉक्टर', ज्याने सांगितले की सत्ता लोकांच्या संमतीनेच येते. त्याच्याआधीचा तो 'घाबरट इंग्रज', ज्याला वाटे की एका जबरदस्त धन्याशिवाय माणसे एकमेकांचे गळे धरतील. आणि फ्रान्सचा तो 'बॅरन', ज्याने सत्तेचे तीन तुकडे करून तिघांना एकमेकांवर पहारा करायला बसवले. आठल्यांच्या घरात ही मंडळी दूरच्या नातेवाइकांसारखी वावरत. भाजी करपली की निशिकांत म्हणत, "स्वयंपाकघरात बॅरन हवा होता, चव बघणारा वेगळा असता."

बाई चष्मा काढून गप्प बसत, तो क्षण निशिकांतांना जगातल्या कोणत्याही बक्षिसाहून मोठा वाटे. हे त्यांनी कधी बोलून दाखवले नव्हते. नोकरीत त्यांना घड्याळे मिळाली, मानपत्रे मिळाली. पण आपण काही विचारावे आणि या हुशार बाईने त्यावर थांबावे, याची सर कशालाच नव्हती.

त्या रविवारी पाठ डॉक्टरचा होता. "समजा, सरकारच नाही," बाई म्हणाल्या. "दोन शेजारी. झाड एकाच्या अंगणात, फांदी दुसऱ्याच्या. आंबे कोणाचे? दोघेही आपापल्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश. म्हणून डॉक्टर म्हणतो..."

"म्हणून दोघांच्या संमतीने तिसरा नेमायचा," निशिकांत म्हणाले. "हे इंग्लंडात सोळाशे एकोणनव्वदच्या सुमारास..."

"अहो, थांबा जरा."

अश्विनच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. "ताई, मी इथे अडलो," तो म्हणाला. "तो तिसरा कोण? तोही माणूसच ना? उद्या ते झाड तोडून रस्ता करायचा ठरला, आणि रस्ता नेमका त्या तिसऱ्याच्याच दारात जातो. मग त्याच्या खटल्यात न्यायाधीश कोण?"

"बॅरन आहे की त्यासाठी," निशिकांत म्हणाले. "सत्तेचे तीन तुकडे."

"हो काका, पण तिघांच्याही दारात रस्ता जात असेल तर?"

सुलेखाबाईंनी चष्मा काढला. पदराने पुसला. आणि गप्प बसल्या.

निशिकांतांनी तो चष्मा पाहिला, ती बोटे पाहिली, आणि चकल्यांची बशी अश्विनपासून दूर सरकवली. सहा वर्षे डॉक्टर त्यांच्या टेबलाशी बसला होता. हा प्रश्न त्यांना सुचला नव्हता. कारखान्यात एक झडप उघडी असेल तर दुसरी उघडूच नये अशी सोय करून ठेवतात. बॅरनची सत्तेची वाटणी त्यांना पहिल्याच दिवशी तशी दिसली होती आणि समाधान झाले होते. समाधान झालेल्या माणसाला प्रश्न पडत नाही. आणि हा कालचा पोरगा, तोंडात चकलीचा तुकडा, पहिल्याच दिवशी अडला आणि जिंकून गेला!

पुढच्या रविवारी अश्विन पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही आला, येताना लिटल इंडियातून जिलबी घेऊन. निशिकांतांनी जिलबी खाल्ली नाही. साखर वाढते म्हणाले. साखर त्यांची कधीच वाढलेली नव्हती. अश्विन पाठात जागोजागी अडायचा. घाबरट इंग्रजाला राजाची एवढी भीती का वाटत नाही? लोकांनी संमती दिली ती कधी, आणि ज्याने दिलीच नाही त्याचे काय? ताई, आपण दोघे इथे सरकारी परवान्याच्या पासवर राहतो, आपण या देशाला संमती दिली की नुसता फॉर्म भरला? प्रत्येक प्रश्नाला बाईंचा चष्मा खाली येई. निशिकांत मोजत नसत. पण एखादा चष्मा त्यांच्या नजरेतून सुटला असेल असे नाही.

शेवटी फेब्रुवारीच्या एका सोमवारी, पोळ्या लाटत असलेल्या बायकोला त्यांनी विचारले, "या मुलाला रोज शाळेत भेटतेस. तिथे नाही का शिकवता येत? रविवार कशाला?"

"रविवारीच कळतं पाठ कुठे कच्चा आहे ते."

"ते मी सांगत होतो की सहा वर्षं."

लाटणे थांबले. "सांगत होतात," सुलेखाबाई म्हणाल्या. "रागवू नका, पण अलीकडे तुम्ही अडत नाही. तुम्हाला आता सगळं येतं. मी एक वाक्य बोलते, तुम्ही पुढची तीन बोलता, वर सनावळी. समोर बसलेल्या सोळा वर्षांच्या पोराला जे कळत नाही, ते आता तुम्हाला दिसतच नाही. मला अडणारा माणूस हवा. अश्विन प्राचीन भारताचा अभ्यासक, युरोपात त्याला काही येत नाही. तो खरा अडतो."

दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यापासून निशिकांत आठवड्यातून तीनदा जुरोंग ईस्टच्या वाचनालयात जात होते. डॉक्टर, बॅरन आणि त्यांचा सगळा गोतावळा त्यांनी ओळीने वाचून काढला होता. इंग्लंडच्या बाराशे पंधरा सालच्या सनदेची कलमे त्यांना मुखोद्गत होती. हे सगळे कशासाठी, तर त्या दुसऱ्या खुर्चीला आपण शोभावे म्हणून. उपकरण जितके काटेकोर तितके उपयोगी, हे त्यांनी आयुष्यभर शिकवले होते. काटेकोर होत होत आपण निरुपयोगी झालो, ही गोष्ट त्यांच्या कोणत्याही पुस्तकात नव्हती.

माणूस मत्सराने पेटला की आधी अक्कल गहाण टाकतो. पुढच्या रविवारी निशिकांतांनी अडायचे ठरवले. पाठ बॅरनचा होता. बाईंनी तीन सत्ता समजावल्या आणि निशिकांत निरागस चेहरा करून म्हणाले, "पण मला एक कळत नाही. कायदे करणारा आणि ते राबवणारा एकच असला, तर बिघडलं कुठे?"

अश्विन उत्सुकतेने पुढे झुकला. सुलेखाबाईंनी नवऱ्याकडे नुसते पाहिले. चष्मा जागचा हलला नाही.

"मागच्याच महिन्यात तुमच्या मित्राला, मनोहरभाऊंना हेच तुम्ही पाऊण तास समजावत होतात," त्या म्हणाल्या. "खोटं अडू नका हो. वाईट दिसतं."

"काका गंमत करत होते, ताई," अश्विन चटकन म्हणाला.

त्याने सावरून घेतले, हेच निशिकांतांना सर्वांत झोंबले. त्या दिवसानंतर रविवारी पावणेचारला ते चपला घालून खाली उतरू लागले.

खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्यापिण्याच्या गाळ्यांच्या त्या मंडईत, मनोहर सबनीस भेटत. कारखान्यातला जुना सोबती, कंपनीच्या बसमध्ये एकोणीस वर्षे शेजारी बसलेला. कोपीचे, म्हणजे इथल्या कडक कॉफीचे दोन कप समोर ठेवून त्याने सगळी हकीकत ऐकली आणि पोट धरून हसला.

"नापास झाला म्हणून वर्गाबाहेर काढलेले पुष्कळ पाहिले रे. पास झाला म्हणून काढलेला तू पहिलाच!"

"हसू नकोस, मन्या."

"हसू नको तर काय करू? लोक बायकोच्या मित्राच्या देखणेपणावर जळतात, पगारावर जळतात. तू त्याच्या अज्ञानावर जळतोस! अरे, ते तर कोणालाही फुकट मिळतं."

"एकदा गेलं की परत मिळत नाही," निशिकांत म्हणाले. मनोहरने हसणे आवरले आणि त्यांच्यासाठी आणखी एक कोपी सांगितली.

मे महिना आला. सुलेखाबाईंच्या विषयाचा शेवट दरवर्षी एका सभेने होई. मुले एक मसुदा तयार करत. या वर्षी तो शाळेच्या विद्यार्थी मंडळाच्या घटनेचा होता. अमेरिकेच्या घटनेला तेरापैकी नऊ राज्यांची मंजुरी लागली होती, तशीच इथेही लागे. बाहेरून तेरा मोठी माणसे बोलावायची; शिक्षक चालत नसत. प्रत्येकाकडे एक राज्य, एक मत. नऊ मते मिळाली तर मुख्याध्यापक मसुदा खरोखरच लागू करतील, असे या वर्षी प्रथमच ठरले होते. त्यामुळे मुले इरेला पेटली होती.

"एक पालक जपानला गेलेत," बाई गुरुवारी म्हणाल्या. "कनेटिकट रिकामं आहे. याल?"

निशिकांत हो म्हणाले, आणि मसुदा मागून घेतला. चष्मा लावून, पेन्सिल घेऊन त्यांनी तो यंत्राचा आराखडा तपासावा तसा तपासला. पहिली तीन कलमे चांगली होती. चौथे असे होते: 'ज्या विषयात सदस्याचा स्वतःचा हितसंबंध असेल, त्या विषयात त्याने तो हितसंबंध सभेसमोर सांगावा आणि मत देऊ नये.'

पेन्सिल थांबली. रस्ता त्या तिसऱ्याच्याच दारात जातो. हे त्या टेबलावरचे होते. त्या पोराचा प्रश्न रविवारी टेबलावरून उठला, सोमवारी वर्गात गेला आणि आता कलम होऊन घटनेत बसला. सहा वर्षांत त्यांच्या प्रश्नांतून पाठ सुधारले होते, पण घटनेचे कलम एकही निघाले नव्हते. निशिकांतांनी समासात लिहिले: 'हितसंबंध आहे की नाही हे ठरवणार कोण? तरतूद नाही.' आक्षेप खरोखरच बिनतोड होता. तेवढ्यावर कनेटिकट विरोधात मत देऊ शकत होते, आणि कोणाची बोट दाखवायची छाती झाली नसती.

शनिवार, वीस मे. शाळेच्या सभागृहात तेरा खुर्च्या अर्धवर्तुळात मांडल्या होत्या. अश्विन दारातच भेटला. "काका, तुम्ही या टोकाला बसा. तिकडे एसी थेट अंगावर येतो." त्याने स्वतः खुर्ची सरकवून दिली, पाण्याची बाटली आणून दिली. निशिकांत मनात म्हणाले, एवढा चांगला वागू नकोस रे, मला तुझा नीट राग तरी येऊ दे.

मसुदा मांडायला वर्गातली आर्या उभी राहिली. वडील बँकेत, घरी मराठी, दारी इंग्रजी, आणि मैत्रिणींत सिंगापूरची ती वाक्याला 'लाह' चिकटवणारी बोली. सभा इंग्रजीत होती. चौथ्या कलमाशी आल्यावर तिने हातातला कागद खाली ठेवला.

"गेल्या वर्षी मंडळाच्या अध्यक्षाने बॅडमिंटन कोर्टाच्या वेळा ठरवल्या," ती म्हणाली. "संध्याकाळची सगळी वेळ त्याच्याच टीमला गेली. तो काही वाईट मुलगा नव्हता. मी त्याला विचारलं, तर त्याच्याकडे कारणं होती. चांगली कारणं! त्याची टीम जास्त जिंकते, त्यांना सराव जास्त लागतो. सगळं खरं. इंग्लंडचा डॉक्टर हेच सांगत होता. आपल्या खटल्यात आपण न्यायाधीश झालो की आपण खोटं बोलत नाही. आपल्याला फक्त आपल्या बाजूची खरी कारणं भराभर सापडतात."

तेरा मोठी माणसे हसली. निशिकांतही हसले. मग त्यांचा हात खिशातल्या मसुद्यावर गेला, समासातल्या त्या बिनतोड आक्षेपावर, आणि हसू ओठांवरच वाळले.

आक्षेप खरा होता. तो किती भराभर सापडला होता!

मतदान सुरू झाले. राज्याचे नाव पुकारले की प्रतिनिधीने पुढे यायचे आणि चिठ्ठी पेटीत टाकायची. ज्या क्रमाने त्या राज्यांनी पूर्वी मंजुरी दिली, त्याच क्रमाने पुकारा. डेलावेअर, पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, जॉर्जिया.

"कनेटिकट," सुलेखाबाई म्हणाल्या.

निशिकांत पुढे आले. चिठ्ठी हातात कोरीच होती. पेटीसमोर ते उभे राहिले आणि विरोध लिहायला त्यांचा हात धजेना. मग त्यांनी बाजूने लिहायचा विचार केला. पण तेही खोटेच झाले असते. मत्सर केल्याचा दंड म्हणून दिलेले मत, त्यात मसुद्याचा विचार कुठे होता?

"कनेटिकट मत देऊ शकत नाही," ते म्हणाले. "कलम चार."

सभागृहात कुजबुज झाली. आर्या खुर्चीवरून उठलीच. "अंकल, कॅनॉट लाह! ते कलम अजून पास कुठे झालंय?"

"झालं नाही, हे खरं आहे," निशिकांत म्हणाले. "पण मी ते वाचलंय. वाचलं नसतं तर बरं झालं असतं."

सुलेखाबाई अध्यक्षस्थानी होत्या. चेहऱ्यावर काही न दाखवता त्या म्हणाल्या, "कलमाप्रमाणे हितसंबंध सभेला सांगावा लागतो."

निशिकांतांनी एकदा अश्विनकडे पाहिले. तो मागच्या भिंतीशी उभा होता. "हे कलम ज्या प्रश्नातून निघालं, तो प्रश्न माझ्या घरी, माझ्या जेवणाच्या टेबलाशी विचारला गेला," ते सावकाश म्हणाले. "तिथे प्रश्न विचारण्याचं काम सहा वर्षं माझं होतं. आता ते दुसऱ्याला मिळालं आहे. तो माझ्यापेक्षा चांगले प्रश्न विचारतो. मला त्याचा मत्सर वाटतो. या कलमाविरुद्ध माझ्याजवळ एक चांगलं कारण आहे, पण ते मला सापडलं कसं, ते मला ठाऊक आहे. म्हणून मत नाही."

मग एका डॅनिश मुलाने वहीत काहीतरी भराभर लिहून घेतले. अश्विनचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता.

"नोंद घ्या. कनेटिकट तटस्थ," सुलेखाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचे राज्य पुकारले.

उरलेली मते पडली. पेटी घेऊन दोन मुले शेजारच्या खोलीत मोजायला गेली आणि सभागृहात चहा आला. निशिकांत खिडकीशी एकटे उभे होते. पहिला अश्विन आला.

"काका, मी रविवारी येणं बंद..."

"काही बंद करू नकोस," निशिकांत म्हणाले. "आणि हे बघ, काका म्हणू नकोस. भावोजी म्हण. निदान हिशेब तरी जुळेल."

तो हसला, पण गेला नाही. त्यालाच सुलेखाबाईंनी चहा आणायला पिटाळले आणि त्या नवऱ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती?" त्या मराठीत म्हणाल्या.

"तूच विचारलंस."

"मी अध्यक्ष म्हणून विचारलं."

"मग बायको म्हणून आता विचार."

त्यांनी विचारले नाही. वेगळेच विचारले. "जो नियम अजून मंजूरच झालेला नाही, तो पाळायचा की नाही? तुम्ही पाळलात. आर्या म्हणते, पाळायला नको होता. तिचंही बरोबर आहे. संमती दिल्याशिवाय नियम बांधत नाही, डॉक्टर तेच तर सांगतो. मग तुम्हाला कोणी बांधलं?"

निशिकांतांनी तोंड उघडले. सनावळी आठवली नाही, बॅरन आठवला नाही. "कळत नाही," ते म्हणाले. "खरंच कळत नाही, सुलेखा."

"मलाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या जानेवारीत पहिल्या पाठात हेच घ्यावं म्हणते. रविवारी बसाल? अश्विन असेल हं."

"असू दे."

असू दे, असे ते म्हणाले खरे. पण अश्विन दोन कप घेऊन गर्दीतून येत असताना, आधी बाईंचा कप त्यांच्या हाती देताना, निशिकांतांना पुन्हा तसेच झोंबले. थोडे कमी. तेवढ्यावर त्यांनी समाधान मानले.

शेजारच्या खोलीचे दार उघडले. मोजणाऱ्या दोघांपैकी एकाने कागद आर्याच्या हाती दिला. तिने तो वाचला, निशिकांतांकडे एकदा पाहिले, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवला. बाजूने आठ, विरुद्ध चार, तटस्थ एक. मंजुरीसाठी हवी होती नऊ.